नाशिकच्या थंडीत कुंड्या: पहिल्या वर्षी एवढंच करा

ताई, पहिल्याच थंडीत कुंडीतली झाडं मरतील म्हणून घाबरू नका. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात; शहरातल्या गच्चीवर सहसा तेवढं होत नाही. पण कुंडीतली मुळं चारी बाजूंनी गारठतात, जमिनीतल्यासारखं पांघरूण त्यांना नसतं.

थंडीपेक्षा जास्त झाडं पाण्यानं मरतात. माझी पहिली तुळस अशीच गेली. पानं काळवंडली म्हणून मी रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत राहिले, मुळं कुजली. आता बोट दोन पेरं मातीत खुपसते. कोरडं लागलं तरच पाणी, तेही ऊन आल्यावर, नऊ-दहाला.

- कुंड्या कठड्यावरून उतरवून भिंतीलगत, एकमेकींना चिकटून ठेवा. थंडगार फरशीवर नको, खाली विटा किंवा लाकडी फळी.
- तुळस, कढीपत्ता, क्रोटन यांवर रात्री जुनी सुती चादर. सकाळी आठवणीनं काढा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका.
- खत आणि मोठी छाटणी फेब्रुवारीपर्यंत बंद. कोवळी फूट थंडीत आधी करपते.

चाफा, अडेनियम यांची पानं गळतील. गळू द्या! मेलं समजून उपटू नका. फांदीला नखानं जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड झोपलंय.