‘जागृतीचा अभाव’ हे शब्द आधी खोड

चि. पोरी,

तुझा अहवाल काल रात्री दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. ‘ऊसतोड कुटुंबांमध्ये अपत्यसंख्येबाबत जागृतीचा अभाव आढळतो.’ हे वाक्य तुझं नाही. तुझ्या मार्गदर्शकांनी घालायला लावलं असेल, नाहीतर आधीच्या कुणाच्या अहवालातून चालत आलं असेल. कारण सोबतच्या चिठ्ठीत तू स्वतःच विचारतेस, की बाई, मी ज्यांच्या दारात बसून फॉर्म भरले त्यांना दोन-तीनच लेकरं आहेत, कित्येकींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन बाविशीच्या आत झालंय, मग अभाव नेमका कशाचा? आणि शेवटी लिहितेस, मला हा विषयच झेपत नाही.

झेपतोय. आकडे आणि वाक्य जुळत नाहीत हे तुझ्या ध्यानात आलं, आणखी काय हवं? माझ्या ते ध्यानात यायला चार वर्षं गेली आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईनं मोजली. म्हणून हे पत्र जरा कडक होईल. राग मानू नकोस.

एकच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हिशेब तिच्या बाजूने मांड. सरकारच्या बाजूने मांडणारे पुष्कळ आहेत.

मांडून बघू. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धीच. तेव्हा बीड-पाटोदा-धारूरकडच्या ज्या घरात अठरा-एकोणिसाचा पोरगा आहे, त्या घराला दसऱ्याच्या आत सून हवी असते. इकडे मुलीच्या घरी काय चाललेलं असतं? आई-बाप सहा महिने ऊस तोडायला फडावर जाणार. पोरीला गावात कुणाजवळ ठेवायचं? म्हातारीजवळ ठेवली तर रात्र रात्र घोर. सोबत न्यावी तर फडावरच्या कोपीला, म्हणजे खोपटाला, ना दार ना कडी, पाचटाचा नुसता आडोसा. त्या आईनं काय करावं, तू सांग. ती लग्न उरकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात 43.7 टक्के. आता याला अडाणीपणा म्हणणार? त्या आईला कायदा पाठ असतो. ग्रामसेवक येणार म्हटल्यावर अक्षता पहाटे कुठं टाकायच्या हेसुद्धा ठाऊक असतं.

पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं लेकरू, बाविशीच्या आत ऑपरेशन. इतकी घाई कशाला? कारण पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढली की कुणाचाच जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि नाही चढली तर खाडा. दिवसाला 500 रुपये, कुठं त्याहून जास्त, उचलीत वळते होतात. मग तिशी आली की अंगावर पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, आणि डॉक्टर म्हणतो गर्भपिशवी काढून टाका. 2019 मध्ये याचा गाजावाजा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीडच्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी गेलेली होती. शहरातल्या बायका मला विचारायच्या, अहो, तयार तरी कशा होतात या? मी म्हणायचे, पाळीच्या दिवसांत पाणी नाही हे धरा, आडोसा नाही हे धरा, औषधाचा खर्च धरा, खाडा धरा, मग तुम्हीच बेरीज करा.

तर तुझ्या फॉर्ममधली खरी गोष्ट ही आहे. हलाखीनं लेकरांची संख्या फारशी वाढवलेली नाही. हलाखीनं वयं पुढं ओढली आहेत: लग्नाचं, बाळंतपणाचं, टाक्यांचं, पिशवीचं. तू ‘एकूण अपत्ये’ या रकान्यापाशी थांबलीस आणि शेजारचा ‘ऑपरेशनवेळचं वय’ हा रकाना तसाच परिशिष्टात टाकलास. तो पहिल्या प्रकरणात यायला हवा होता. का नाही आला? घाई झाली, हे उत्तर मला देऊ नकोस.

आता माझं सांगते. मी 1980 मध्ये आरोग्य उपकेंद्रावर नोकरीला लागले. आणीबाणी सरली होती, तरी जीप शिवारात शिरली की पुरुष ज्वारीत पळायचे. त्याआधी चारच वर्षं, 1976 मध्ये, आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलेलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यापर्यंत पोचलं नाही, पण धसका पोचायचा तिथं पोचला. पुरुषाच्या नसबंदीचं नाव काढायची सोय उरली नाही आणि सगळा भार बायकांच्या अंगावर आला. तो अजून उतरलेला नाही: 2019-21 च्या त्या राष्ट्रीय पाहणीत देशात 37.9 टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांचं 0.3 टक्के.

आमच्या डोक्यावर ऑपरेशनचं टार्गेट असायचं. मार्च आला की केसेस पुऱ्या करायच्या, नाहीतर वेतनवाढ थांबणार. 1984 च्या मार्चमध्ये मला एक केस कमी पडत होती. वस्तीवर एक बाई होती, दोन वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचा मुलगा. मी तिच्या ओट्यावर रोज जाऊन बसायचे. ती भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची. तिनं एकदाच विचारलं, “बाई, ह्यो जगंल का?” मी म्हणाले, “न जगायला काय झालं?” तिनं परातीतलं पीठ हातानं गोळा केलं, हात धुतले आणि शिबिराला आली.

पुढच्या हंगामात फडावर ते लेकरू जुलाबानं गेलं. वैशाखात टोळी परतली तेव्हा ती उपकेंद्रावर आली. रडली नाही, भांडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, “ते टाकं उसवता येत्यात का?”

माझ्याकडे वेतनवाढीचा हिशेब होता, तालुक्याचा होता, देशाचा होता. तिचा नव्हता. ती मात्र बरोबर मांडत होती: दोन लेकरं म्हणजे दोन नव्हेत, जगली तर दोन. तेव्हापासून सगळ्यात धाकटं वर्षाचं झाल्याशिवाय मी एकही केस नेली नाही. दोन मेमो मिळाले, एकदा बदली झाली. 1996 मध्ये सरकारनं स्वतःच टार्गेट काढून टाकलं तेव्हा मेमो देणारे साहेब निवृत्त झाले होते. मी बरोबर होते, पोरी. हे मी तुझ्याजवळ का सांगतेय कोण जाणे, पण होते. फक्त त्या एका केसच्या वेळी नव्हते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी काय केलं ते वाच. गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि हजारी 121 असलेला अर्भकमृत्युदर 30 पर्यंत खाली आला. आधी लेकरू जगेल याची खात्री, मग ‘आता पुरे’ हे बोलणं. आम्ही उलटं केलं. चिठ्ठीत तू लिहिलंयस की आमच्या घरी आम्ही दोघंच, कारण आई-बाबांनी विचार केला. केलाच असेल, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्या विचाराला पगार होता, दवाखाना होता, म्हातारपणी पेन्शन होती. 2019-21 च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शात बाईमागे 2.6 मुलं आणि सगळ्यात श्रीमंत हिश्शात 1.6. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा 1.7. अंतर आहे ते एका मुलाचं, आणि त्या एका मुलामागं काय काय उभं आहे ते तू मोजायचंस. म्हणून म्हणते, हिशेब तिच्या बाजूने मांड.

आणि पैसा आला की सगळं सुधारतं असंही लिहू नकोस. 2011 च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे मुली गडचिरोलीत 961, उसानं सधन झालेल्या कोल्हापुरात 863, आणि आपल्या बीडमध्ये 807, राज्यात सर्वांत कमी. ज्याला सोनोग्राफी परवडली त्यानं कुटुंब लहान ठेवलं आणि त्यात मुलगा बसवला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं 1988 मध्ये केला होता. ‘लहान कुटुंब’ या शब्दाला मी चाळीस वर्षांत कधी भुलले नाही ते यामुळं. ते लहान कसं झालं, हे विचारावं लागतं.

शेवटच्या प्रकरणात तू दोन अपत्यांची अट आणखी कडक करायची शिफारस केली आहेस. आपल्याकडे तिसरं मूल झालं की ग्रामपंचायत सदस्याचं पद जातं, हे तुला माहीत आहे. तिसरं हवं की नको हे ठरवणारा वेगळा आणि पद जातं तिचं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. ती शिफारस काढ. मार्गदर्शक नाराज होतील, कदाचित गुण कापतील. कापू देत. माझे मेमो अजून पेटीत आहेत, हवे तर दाखवते.

त्या बाईची ती मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होती ती, आमच्याच तालुक्यात दिली आहे. पंधराव्या वर्षी लग्न झालं, तिशीत पिशवी काढली, आता कंबर धरून चालते. तिचीही एक पोर आहे, नववीत. नवऱ्याची उचल फिटलेली नाही आणि घरात स्थळाचं बोलणं सुरू झालंय. मी दोनदा जाऊन आले. फडावर नेलेल्या लेकरांसाठीच्या साखरशाळेवर भरवसा नाही असं पोरीची आई म्हणते, वसतिगृहात जागा मिळाली तर थांबू म्हणते. जागेसाठी अर्ज केलाय, त्याच्या मागं लागायला माझे गुडघे आता साथ देत नाहीत.

दसरा झाला की टोळ्या हलतील. त्याआधी चार दिवस काढून ये. फॉर्म आणू नकोस, वही आण. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी दोघी मिळून जाऊ आणि परतताना तिच्या ओट्यावर बसू. रात्री थंडी पडते, चादर जाड आण.

तुझी,
बाई