मुलगा कॅम्पसला बसायला नाही म्हणतो, त्याला तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर लिहायचं आहे

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "माझा मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहावीपासून सतार शिकतो. गेली दोन वर्षं त्याने मुक्त सॉफ्टवेअरचं मनावर घेतलं आहे. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, माझ्या फोनवरचं गाण्यांचं अ‍ॅप काढून टाक म्हणतो. रात्र रात्र जागून परदेशातल्या कुठल्या तरी प्रकल्पासाठी तानपुऱ्याचं काहीतरी लिहीत बसतो, पैसा एक मिळत नाही. परवा म्हणाला, 'माझा पॅच घेतला त्यांनी,' आणि दिवसभर आनंदात होता. आता कॉलेजात मोठी कंपनी कॅम्पसला येते आहे, तर हा म्हणतो, बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे मी नोकरी करणार नाही. त्याच्या बाबांनी त्याच्याशी बोलणंच सोडलंय. पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होतील. हे वेड आहे की यात काही भवितव्य आहे?"

ताई,

हे वेड नाही. पण त्याच्या बोलण्यातला एक भाग बरोबर आहे आणि एक भाग अर्धवट माहितीवर उभा आहे. दोन्ही वेगळे करून सांगते.

तुम्ही ओघात लिहून गेलात की तो सतार वाजवतो आणि तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर लिहितो. मला वाटतं, सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. बहिणीचा तानपुरा जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, दिला होता तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी तासभर बसले होते. कारागिराने तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस अगदी हलक्या हाताने फिरवली, तार चढवली, कान लावून ऐकलं, पुन्हा उतरवली. असं किती वेळा केलं, मी मोजलं नाही. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला आणि इतका वेळ दबलेला आवाज एकदम उघडला. आता अशी कल्पना करा की ती घोडी कारखान्यातून सील करून आली आहे आणि तिला कानस लावणं हा गुन्हा आहे. गाणाऱ्याने काय करायचं? कंपनीने दिलेल्या आवाजात गायचं.

संगणकावरच्या संगीताचं बरंचसं असंच आहे. वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी १९८३ साली ठरली, आणि ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पियानोसारखा की-बोर्ड होता. तिच्यात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, सप्तकाचे बारा समान तुकडे. आपल्या रागातला कोमल गंधार कधी थोडा उतरलेला असतो, कधी चढलेला, त्याला तिथे मुळात जागा नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, घ्यायची तर स्वर वाकवण्याची सोय आहे, पण ती एका चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम वाकवते. सतारीवर बाजाची म्हणजे मुख्य तार खेचली तरी बाजूची चिकारीची तार जागेवरच राहते, हे तुमच्या मुलाच्या बोटांना माहीत आहे. सॉफ्टवेअर बंद असेल, म्हणजे आतला कोड कोणाला दाखवत नसतील, तर त्याने कंपनीला विनंतीचं पत्र लिहायचं आणि वाट बघायची. सॉफ्टवेअर मुक्त असेल तर तो स्वतः घोडीला कानस लावू शकतो. तो रात्री जागून हेच करतोय.

ही चळवळ सुरू झाली तीही अशाच अडचणीतून. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या नव्या छपाईयंत्रात कागद अडकायचा. यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये थोडा बदल केला असता तर निदान कागद अडकल्याची सूचना सगळ्यांना गेली असती, पण तो प्रोग्रॅम त्यांना कोणी देईना. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर हवं त्या कामाला वापरता यावं, आतून वाचून बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं, आणि बदललेलंही देता यावं, एवढंच मागणं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे मोठा गोंधळ होतो. मराठीत मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. त्याच्या बाबांना हा फरक कोणी सांगितलेला नसावा.

आणि पॅच म्हणजे ठिगळ. जगभरातली माणसं मिळून एक मोठी गोधडी शिवतायत, तिच्यात तुमच्या मुलाने शिवलेला तुकडा जाणत्यांनी तपासून, टाके ओढून बघून, मग घेतला. अनोळखी माणसाचं काम तिथे नावावर किंवा कॉलेजवर घेत नाहीत, टाका बघून घेतात. तो दिवसभर आनंदात होता, कारण ते कष्टाने मिळतं.

तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपबद्दल त्याचा राग कुठून येतो तेही सांगते. ॲपलने २००३ मध्ये गाणी विकायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येक गाण्याला डिजिटल कुलूप होतं. विकत घेतलेलं गाणं ठरावीक यंत्रांवरच वाजायचं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना कळवलं की त्या गाण्यांच्या किल्ल्या देणं आता बंद होणार, म्हणजे संगणक बदलला की पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी. ओरड झाली म्हणून मुदत वाढवली. आता तर आपण विकतही घेत नाही, भाड्याने ऐकतो. मार्च २०२३ मध्ये करार जमला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघून गेली होती, तुमच्याही यादीत काही ओळी तेव्हा फिक्या पडल्या असतील. माझं स्वतःचं दुखणं याहून मोठं आहे. वडिलांची भजनं मी एका अ‍ॅपमध्ये ध्वनिमुद्रित केली होती. ते अ‍ॅप स्वतःच्याच बंद स्वरूपात फाइल साठवायचं. अ‍ॅप बंद पडलं. फाइली माझ्याकडे आहेत, वडील नाहीत, आणि ती भजनं मला उघडता येत नाहीत. तुमचा मुलगा काय म्हणतो ते मला कळतं.

पण आता त्याच्या चुकीकडे वळते, आणि हा भाग त्याला वाचायला द्याच.

सगळ्या मोठ्या कंपन्या एकाच माळेत ओवणं बरोबर नाही. ज्या ॲपलवर त्याचा राग असेल, त्याच कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर पत्र लिहून ध्वनिमुद्रण कंपन्यांना ही कुलपं काढायला सांगितलं, आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरची गाणी बिनकुलपाची झाली. त्यात धंद्याचं गणित नव्हतं असं मी म्हणत नाही. गणित होतं, तरी कुलूप निघालं हेही खरं. लिनक्स ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली, तिचा गाभा आज बहुतेक पगारी माणसं लिहितात, आणि ते पगार इंटेल, गूगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्या देतात. त्याच्या लॅपटॉपवर आवाज सांभाळणारं पाइपवायर विम टायमन्स यांनी रेड हॅटच्या नोकरीत असताना लिहिलं. त्या रेड हॅटचं मोठं केंद्र आपल्या पुण्यात आहे. आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला बोलून निरोप पाठवता तो ओपस नावाच्या मुक्त पद्धतीने बांधलेला असतो. अ‍ॅप बंद, पण आतला आवाज मुक्त हातांनी घडवलेला. ज्या कंपन्यांकडे तो पाठ फिरवतोय त्यांच्या आत मुक्त सॉफ्टवेअर जाणणाऱ्या माणसांची गरज रोजची आहे.

म्हणून त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कंपनी चांगली की वाईट, हे विचारून हाती काही लागणार नाही. तिथे मी नेमकं काय लिहिणार, आणि घरी आल्यावर माझं लिहिलेलं माझं राहणार का, हे विचारायला हवं.

या दुसऱ्या प्रश्नावर मी जरा थांबते, कारण इथे मुलं फसतात आणि पालकांना तर याची कल्पनाही नसते. नियुक्तिपत्रासोबत जो करार येतो त्यात बौद्धिक संपदेचं एक कलम असतं. बऱ्याच करारांत ते असं मोघम लिहिलेलं असतं की नोकरीच्या काळात तुम्ही जे काही तयार कराल, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या यंत्रावर केलेलंसुद्धा, ते कंपनीचं. अशी सही झाल्यावर त्याने तानपुऱ्यात चार ओळी घातल्या तर त्या द्यायचा हक्क त्याला उरलाय का, हाच वाद होऊ शकतो, आणि तो प्रकल्पही अडचणीत येतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने सही करण्याआधी मनुष्यबळ विभागाला साधं ईमेल केलं. आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पाचं नाव, तो कंपनीच्या कामाशी संबंधित नाही, कंपनीचा वेळ आणि यंत्र वापरणार नाही, हे मान्य असल्याचं लेखी कळवा. तीन दिवसांत उत्तर आलं, मान्य. कोणी तिच्यावर रागावलं नाही. तुमच्या मुलाने हे विचारलंच पाहिजे, आणि तोंडी नाही, लेखी. नाही म्हणाले, तर तेव्हा त्याने ती नोकरी नाकारावी. त्या नकाराला मी त्याच्या बाजूने उभी राहीन.

तोवर त्याने कॅम्पसला बसावं. कर्ज त्याच्या नावावर आहे, हप्ता दर महिन्याला येतो, आणि हप्ता थकला की जामीन राहिलेल्या बाबांना बँकेचा फोन जातो. स्वातंत्र्याची चाड असलेल्या माणसाने आधी स्वतःला कर्जातून मोकळं करावं, असं मला मनापासून वाटतं. त्याला पॉल डेव्हिस यांचं नाव माहीत असेल. लिनक्सवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या आर्डरचे ते जनक. ते आधी ॲमेझॉनमध्ये होते, कंपनी अगदी नवी असताना तिथे बसलेल्या पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी एक. नोकरी केली, बाहेर पडले, मग आर्डर उभं केलं.

पैसे कोण देतं, हा तुमचा प्रश्न आहे. आर्डरचा मूळ कोड कोणालाही मिळतो, पण थेट चालणारी तयार प्रत हवी असेल तर पैसे भरावे लागतात, आणि लोक भरतात. तुमच्या घरी सिनेमे लागतात ते व्हीएलसी पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलं, ते मोफत आहे, पण त्याच्यावर आधारित कामं कंपन्यांना करून देणारी व्हिडिओलॅब्स ही कंपनी त्याच माणसांनी काढली. आपल्याकडे मुंबईच्या फ्रापेने ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मुक्त ठेवून धंदा उभा केला. मार्ग आहेत. अरुंद आहेत हे लपवत नाही: यातून घर चालेल इतकं पहिल्या वर्षी क्वचितच कोणाला मिळतं. नवख्यांसाठी गूगल समर ऑफ कोड आहे, २००५ पासून चालू, मुक्त प्रकल्पात काही महिने काम केल्याबद्दल मानधन देतात. एफएफएमपेग, म्युझस्कोर असे आवाजाचे आणि संगीताचे प्रकल्पही त्यात वेगवेगळ्या वर्षी होते. ज्याचा पॅच आधीच घेतला गेलाय त्याचा अर्ज तिथे उठून दिसतो. आयआयटी मुंबईचा मुक्त सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्पही विद्यार्थ्यांना फेलोशिप देतो.

खरं सांगायचं तर दोन-तीन वर्षांच्या नोकरीनंतर त्याने संशोधनाकडे जावं असं मला वाटतं. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांची डिजिटल ऑडिओची प्रयोगशाळा आहे, हिंदुस्थानी संगीतावर तिथे बरंच काम झालं आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेर्रा यांनी २०११ मध्ये कॉम्पम्युझिक हा प्रकल्प सुरू केला. त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की अशा परंपरा त्यांच्या त्यांच्या नियमांनी संगणकाला कशा समजाव्यात याचा अभ्यास झाला. ध्वनी आणि संगीत संगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही त्या विद्यापीठात आहे. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं पुष्कळ आहेत. पण जवारी कानाने ओळखणारा आणि प्रोग्रॅमही लिहिणारा मुलगा मला वर्षानुवर्षांत एखादाच भेटतो. म्हणून हात जोडून सांगते, नोकरी लागली की सतार माळ्यावर टाकू देऊ नका. रियाज हीच त्याची वेगळी ओळख आहे.

बाबांसाठी एक काम. एका संध्याकाळी त्याला दहा मिनिटं मागा. त्याने घेतला गेलेला तो पॅच पडद्यावर दाखवावा, आधीचा तानपुरा ऐकवावा, मग बदललेला. तत्त्वज्ञान सांगायचं नाही, कंपन्यांना नावं ठेवायची नाहीत, फक्त ऐकवायचं. आणि तुमच्या फोनवरचं अ‍ॅप राहू दे. त्याऐवजी घरात जुन्या कॅसेटी असतील, आजोबांचा आवाज असेल, गुरुजींची तालीम असेल, तर त्या त्याच्याकडून फ्लॅकमध्ये उतरवून घ्या. फ्लॅक हे मुक्त स्वरूप आहे, त्यात आवाजाचा कण वाया जात नाही, आणि ते वाचायला कोणत्याही एका कंपनीची परवानगी लागत नाही. माझ्या भजनांचं झालं तसं तुमचं होऊ नये.

कॅम्पसचा करार हाती आला की बौद्धिक संपदेच्या कलमाचं पान मला पाठवा, आपण एकत्र वाचू. सोबत त्याच्या तानपुऱ्याचा दुवाही द्या. माझी बहीण काळी चार पट्टीत गाते, तिला लावून बघायचा आहे.