सेवा चालूये, पण मन कोरडं पडलंय

प्रश्न: मी सहा वर्षं चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेते, आजाऱ्यांच्या भेटीलाही जाते. आधी खूप उत्साह होता, आता नुसती ड्युटी वाटते. मनात प्रेमच उरलं नसेल तर सेवा सोडून द्यावी का?

उत्तर: ताई, लगेच सोडू नका. तुम्हाला हे खुपतंय ना, म्हणजे प्रेम संपलेलं नाहीये, तुम्ही दमलाय. बायबलमधला 1 राजे 19 काढून वाचा, एलीया संदेष्टा इतका थकलेला की झुडपाखाली बसून मरण मागत होता, आणि देवदूत त्याला रागावला नाही, उपदेश पण नाही केला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला तरी झोपू दिलं आणि मग पुन्हा उठवून खायला घातलं! मला हा भाग फार जवळचा वाटतो. मार्क 6:31 मध्ये येशूनेही शिष्यांना जरा विसावा घ्या म्हटलंच की, त्यांना तर जेवायलाही वेळ मिळत नव्हता.

म्हणून चर्चच्या पाळकांशी मोकळेपणाने बोला, महिनाभर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि भेटीला जाल तेव्हा एकाच घरी जा, प्रार्थना उरकून निघायची घाई नको, खुर्ची जवळ ओढून बसा, त्यांचा हात हातात घ्या, रात्री झोप लागते का विचारा. योहान 13 मध्ये येशूने शिष्यांचे पाय धुतले ते एकेकाचेच ना, त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही होते.