जंप स्केअरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की हॉरर सिनेमात तो जो जंप स्केअर असतो, म्हणजे सगळं शांत शांत चाललेलं असतं आणि एकदम दाणकन आवाज होऊन स्क्रीनभर कुणाचंतरी तोंड येतं, त्याला मराठी शब्द काय, 'भीतीझेप' चालेल का. कृपा करा, भीतीझेप नको. आपल्याकडे शब्द आहे आणि दाराआड लपून बसलेल्या प्रत्येक पोराने तो वापरलाय: भो! "मागून येऊन भो केलं" असं आपण म्हणतोच की. तसंच सिनेमाने भो केलं, विषय संपला.

खरी मजा प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे, की दचकलो म्हणजे घाबरलो असं धरायचं का. अजिबात नाही. दचकणं हे निव्वळ अंगाचं काम आहे. भाजी चिरताना मागे कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो, तान्हं पोर झोपेत दचकतं, त्याला भूत काय नि पिशाच्च काय. दचकायला काही कळावं लागत नाही, घाबरायला कळावं लागतं. म्हणून तर दर पाच मिनिटांनी भो करणारा सिनेमा बघून आपण हसत हसत बाहेर येतो आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत विसरूनही जातो.

मराठीची गंमत अशी की भीती कधी वाटली यावरून शब्द बदलतो. व्हायच्या आधी वाटते ती धास्ती, ऐनवेळी होतं ते दचकणं, आणि होऊन गेल्यावर उरतो तो धसका. धास्ती लागून राहते, दचकणं झालं की संपतं, धसका मात्र एकदा बसला की लवकर उठायचं नाव घेत नाही. (दहशत वेगळी हां, ती घालणाऱ्याची असते, धास्ती घेणाऱ्याची. गावगुंडाची दहशत आणि गावाला धास्ती.) माझं म्हणणं एवढंच की चांगला भयपट धास्तीवर चालतो, फालतू भयपट भो वर.

१९७५ चा 'जॉज' घ्या. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, त्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला तो दाखवणंच जमेना, मग त्याने काय केलं, नुसतं पाणी दाखवलं, ते दोन सुरांचं संगीत वाजवलं, आणि पुढे शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं पाण्यावरून पळताना दाखवली. अख्खा शार्क नीट दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त सिनेमा होऊन गेलेला असतो. आता पिवळं पिंप ही काय घाबरायची वस्तू आहे? पण ते सरकायला लागलं की पोटात गोळा येतो. ही धास्ती.

आणि भो पण धास्तीच्या जिवावर कसा चालतो ते बघायचं तर १९४२ चा 'कॅट पीपल'. रात्रीचा रस्ता, एक बाई एकटी चाललीय, मागे दुसऱ्या बाईच्या टाचांची टकटक. मग ती टकटक थांबते. बास, थांबते एवढंच. ही पुढची बाई भराभर चालायला लागते, मागे वळून बघते तर कुणीच नाही, आणि एकदम फिस्स करून जनावर अंगावर आल्यासारखा आवाज येतो. असते काय, तर बस! बसचे ब्रेक. सिनेमाचा निर्माता व्हॅल ल्यूटन, त्याच्या नावाने या युक्तीला 'ल्यूटन बस' असंच नाव पडलं.

आवाजावरून आठवलं, भयंकर, भयानक, भीषण हे आपले शब्द पार बोथट झालेत. भयंकर आवडलं, भयानक भारी, भीषण उकडतंय. धार शिल्लक राहिलेला एकच, भेसूर. "भेसूर आवडलं" कुणी म्हणून दाखवा. भेसूर म्हटलं की मला आधी चेहरा नाही, रात्री रडणारं कुत्रं आठवतं. भयपट म्यूट करून बघा एकदा, अर्धी भीती तिथेच जाते.

रक्त, आतडी, कापाकापी हे वेगळं खातं. भरताने नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितलेत, एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, आपल्या भाषेत किळस. शिसारी आली म्हणजे भीती वाटली असं नाही.

आणि धास्तीचा आपला घरगुती मास्टर म्हणजे बागुलबुवा. मुंजा पिंपळावर असतो, हडळीचे पाय उलटे असतात, पण बागुलबुवा दिसतो कसा? आईने कधीच सांगितलं नाही! नुसतं "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल". २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमात म्हातारीला झोपवायला हस्तरचं, म्हणजे त्यातल्या राक्षसाचं, नाव अगदी याच चालीवर घेतात, आपण मराठी माणसं तिथे जरा जास्तच सरकून बसतो ते उगाच नाही.

राहिला धसका. आमच्या बेडरूममध्ये दिव्याचं बटण दाराशी आहे आणि पलंग चार पावलांवर. एरवी ती चार पावलं आहेत हेही माझ्या लक्षात येत नाही. परवा असाच एक सिनेमा बघून मी, गृहकर्ज असलेला, केस पिकायला लागलेला माणूस, बटण बंद केलं आणि थेट गादीवर उडी मारली. अंधारातून बायको म्हणाली, "काय रे, धसका घेतलास की काय?" म्हटलं छे, पाणी प्यायला उठलो होतो. तर म्हणे, मग प्यायलास का? नव्हतो प्यायलो. तहान लागलेली होती, पण स्वयंपाकघरापर्यंत जाणार कोण.