मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाची सवय बदलली आहे, ती पूर्ववत होते का?

शस्त्रक्रियेला दहा दिवस झाले तरी मळ बारीक होतो, दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे जावे लागते आणि पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही, हे असेच राहणार का, असे तुम्ही विचारले आहे. बहुतेकांच्या बाबतीत तसे राहत नाही. मी डॉक्टर नाही. परंतु माझी हीच शस्त्रक्रिया बेळगावात झाली असून या सर्व तक्रारी मी भोगल्या आहेत.

मळ बारीक होण्याचे कारण बहुधा आतड्यात नसून गुदद्वारापाशी असते. तेथे सूज असते, शिवाय वेदनेमुळे आतला स्नायू आवळून राहतो आणि वाट काही काळ अरुंद होते. त्या सुजेच्या दाबामुळेच मळ उरल्याचा भास होतो व माणूस कुंथत बसतो. नेमके तेच टाळावे. उघड्या ठेवलेल्या जखमा भरायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

दुखेल या भीतीने शौच रोखणे त्याहून वाईट, कारण मळ जितका आत थांबतो तितके त्यातले पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो, आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी मलावरोध आणखी वाढतो. मी संडासाच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरत असे, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी सांगितले, "कळ आली की लगेच जा, दम कोंडू नका, तोंडाने श्वास सोडत राहा." त्याने खरोखर सोपे गेले. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसल्याने आवळलेला स्नायू सैल पडतो.

आपल्याकडे, खानापूर भागात तर विशेषच, ऑपरेशन झालेल्या माणसाला पेज आणि मऊ भातावर ठेवतात. त्यामागची माया मी जाणतो, पण तंतुमय पदार्थांवाचून मळ घट्टच होतो. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि पपई मला मानवली. संकेश्वरी मिरचीचा ठेचा मात्र जखम भरेपर्यंत बंद ठेवला. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, अन्यथा त्याने मलावरोध उलट वाढतो. लॅक्टुलोजने, म्हणजे मळ मऊ करणाऱ्या औषधाने, ढाळ होऊ लागले तर ते परस्पर बंद न करता मात्रा किती कमी करावी हे डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन-तीन दिवस काहीच न होता अचानक पातळ पाणी झिरपू लागले, तर जुलाब समजून ते थांबवणारी गोळी घेऊ नका. आत मळाचा खडा अडकून त्याच्या कडेने पातळ मळ येत असण्याची शक्यता असते, आणि त्या गोळीने अडथळा वाढतो. अशा वेळी सर्जनांनाच दाखवावे.

पुसताना रक्ताचे डाग दिसणे चालते. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या 7 ते 14 दिवसांत कधीकधी मोठा रक्तस्राव होतो, आणि तुम्ही सध्या त्याच काळात आहात. रक्ताची धार किंवा गाठी, ताप, लघवी तुंबणे, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गाव आडबाजूला असल्यास गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. जखम पूर्ण भरल्यावरही, म्हणजे दीड-दोन महिन्यांनीही मळ बारीकच राहिला, तर गुदद्वार आकसले आहे का हे तपासून घ्यावे, कारण त्यावरही उपचार आहेत.