जुन्या वस्तू आणि लिलाव : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे : वस्तू फार जुनी आहे, तेव्हा तिचे किती येतील? किमतीचा विचार मी शेवटी करतो. त्याआधी ती वस्तू विकता येते काय आणि तिचा माग कागदावर सापडतो काय, हे पाहावे लागते.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे मिळून ३७ चांदीचे रुपये सापडले. मोबाइलवरील एका जाहिरातीत १८६२ च्या रुपयाला दीड लाख रुपये मिळतील असे लिहिले होते. फोन केला तेव्हा समोरच्या गृहस्थाने रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र पाठवले आणि नोंदणी शुल्क म्हणून साडेतीन हजार रुपये मागितले. ते भरावेत काय? विक्रीपूर्वी नाणी चिंच-मिठाने घासून घ्यावीत काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : एक पैसाही भरू नका. जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काहीही संबंध नाही, त्यासाठी आपण कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नसतो.

आता नाण्यांकडे वळू. ब्रिटिश अमलातील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना पुरा एक तोळा असे. (आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात, जुन्या घरांतील वजनांचे कागद वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.) या रुपयात चांदी सुमारे ९१.७ टक्के असे, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. आपले तिन्ही राज्यकर्ते १९४० पूर्वीचे असल्यामुळे आपल्या ३७ रुपयांत, झीज सोडली तर, सुमारे ३९५ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. ही झाली तळाची किंमत आणि ती त्या दिवसाच्या बाजारभावाने कोणीही सराफ सांगेल.

या तळाच्या वर किती मिळेल, हे दुर्मिळता आणि नाण्याची अवस्था ठरवतात. नाण्याच्या वयाला त्यात फार मान नाही. १८६२ चेच पाहा. त्या वर्षानंतरही काही वर्षे टांकसाळींनी रुपयावर १८६२ हेच साल कायम ठेवले, त्यामुळे त्या सालाचे रुपये खोऱ्याने आहेत, आणि नेमक्या त्याच नाण्याला दीड लाख देऊ करणाऱ्याला नाण्यांविषयी काही ठाऊक नाही किंवा आपल्याविषयी बरेच काही ठाऊक आहे. उलट, पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र वेगळा काढून ठेवा. बादशहाच्या झग्यावरील साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून ओरड झाली, पाडलेल्या नाण्यांपैकी बहुतेक पुन्हा वितळवली गेली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट दाखवण्यात आली. संग्राहक त्या १९११ च्या रुपयासाठी नेहमीपेक्षा बरीच अधिक बोली लावतात.

चिंच-मिठाचे नावही काढू नका. देवघरातील तांब्या घासावा तसे नाणे घासले की त्यावर वर्षानुवर्षे जमलेली काळसर झाक जाते, पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि भिंगाखाली ते कायमचे दिसतात. असे नाणे संग्राहकाच्या लेखी वितळवण्याच्या भावाचे होते. माळेसाठी डाख लावून कडी जोडलेल्या रुपयांचीही हीच गत. प्रत्येक नाणे कडेने धरून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, सराफी काट्यावर वजन करून ते पाकिटावर लिहा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे एखाद्या नामांकित नाणी-लिलाव संस्थेकडे पाठवा. कोणतीही प्रामाणिक संस्था छायाचित्रांवरून प्राथमिक मत विनामूल्य देते.

प्रश्न : आमच्याकडे राजा रविवर्मा यांचे लक्ष्मीचे चित्र चौकटीत आहे. साडीवर पणजीने खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. चित्र मूळ आहे की छापील, हे कसे ओळखावे? मुलगा अमेरिकेत असतो. तेथे लिलावात अधिक किंमत येईल म्हणून तो पुढच्या फेरीत ते बरोबर नेणार म्हणतो. — एक वाचिका, पुणे

उत्तर : चित्र छापीलच असणार, पण त्यात कमीपणा मानू नका. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि अखेर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. देवघरातील आणि माजघरातील देव महाराष्ट्राने जसे कल्पिले, त्यात या छापखान्याचा वाटा फार मोठा आहे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकावर एक असे अनेक रंग या चित्रांवर छापले जात आणि काहींवर तैलचित्राचा भास व्हावा म्हणून रोगण चढवले जाई.

ओळख पटवण्यासाठी घड्याळजीचे भिंग पुरते. दगडी छपाईत चेहऱ्यावरील छटा ओबडधोबड, कमीजास्त आकाराच्या ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. ठिपके सारख्या अंतरावर, ओळीत, छोट्या फुलांच्या आकारात मांडलेले दिसले तर ती नंतरच्या काळातील यांत्रिक छपाई आहे आणि तिची किंमत सजावटीपुरतीच धरावी. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव व गाव इंग्रजीत छापलेले असते. दुर्दैव असे की चौकट बसवणारे नेमकी तीच पट्टी कापून टाकत, त्यामुळे पूर्ण समास शाबूत असलेल्या प्रतीला निश्चितपणे जास्त भाव येतो.

पणजीच्या जरीविषयी संग्राहकांत दोन तट आहेत. काहींना कोरा कागदच हवा असतो. मला स्वतःला जर लावलेली प्रत अधिक आवडते, कारण तीत छापखान्याबरोबर एका घराचाही हात दिसतो, आणि हल्ली अशा प्रतींना स्वतंत्र मागणीही आहे. टिकल्या सुटत असतील तर त्या डब्यात जपून ठेवा, घरच्या डिंकाने पुन्हा चिकटवू नका. मागचा लाकडी पुठ्ठा कागद पिवळा पाडतो हे खरे, पण चित्र त्यावर चिकटलेले असेल तर ते स्वतः सोडवण्याच्या फंदात पडू नका.

परदेशी नेण्याचा विचार मात्र चिरंजीवांनी सोडून द्यावा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकृती पुरावशेष ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उल्लंघन केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद व दंड होऊ शकतो. चित्र शंभर वर्षांच्या आतले आहे असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागेल. याशिवाय रविवर्मा हे त्या नऊ चित्रकारांपैकी एक आहेत, ज्यांच्या कलाकृती सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केल्या. त्या देशात विकता येतात, बाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर सामान उघडले गेल्यावर हे सर्व समजण्यापेक्षा आत्ता समजलेले बरे.

प्रश्न : लंडनच्या लिलावातील नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने पैसे मोजून आणली. आपलीच वस्तू आपण विकत का घ्यावी? वाघनखे तर फुकट परत मिळाली. — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपला राग मला समजतो, पण वाघनखांविषयीची समजूत दुरुस्त करायला हवी. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीची असून तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आली आहेत. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. तलवारीचे तसे नाही. एप्रिल २०२५ मध्ये सदबीज या लिलाव संस्थेच्या लिलावातून ती मध्यस्थामार्फत घेण्यात आली, वाहतूक व विम्यासह सुमारे ४७ लाख रुपये खर्च आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. म्हणजे उसनी वस्तू परत जाईल, विकत घेतलेली राहील.

परत मागता का येत नाही, याचे उत्तर कायद्याच्या तारखांत आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. तो मागील काळाला लागू होत नाही. त्याआधी, कंपनीच्या काळात लढाईतील लूट म्हणून वा नजराणा म्हणून गेलेल्या वस्तूबाबत तिच्या आजच्या खासगी मालकाला न्यायालयात खेचणे जवळजवळ अशक्य असते. दबाव आणता येतो, पण तोही वस्तू पाहून. २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील बुद्ध-अवशेषांबरोबर सापडलेली रत्ने लिलावात निघाली तेव्हा भारत सरकारने नोटीस बजावली आणि लिलाव थांबला. तेथे प्रश्न जगभरच्या बौद्धांच्या श्रद्धेचा होता. आणि तीही रत्ने अखेर एका भारतीय उद्योगसमूहाच्या पैशांनीच मायदेशी आली.

या तलवारीतून घरोघरच्या शस्त्रमालकांनी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिचे पाते युरोपीय घडणीचे, ज्याला आपण फिरंग म्हणतो तसे आहे. फिरंगी पाती मराठी मुलखात पुष्कळ आली आणि नुसत्या फिरंगीला एवढी किंमत येत नाही. या पात्यावर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब आहे. किंमत त्या ओळीची आहे. म्हणून आपल्या घरच्या पात्यावरील गंज पॉलिश पेपरने घासण्याआधी त्याखाली अक्षरे आहेत काय, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

प्रश्न : आमच्याकडील पितळी दीपलक्ष्मींची जोडी लिलावास देण्याचे ठरले आहे. लिलाव संस्था नोंदणी क्रमांक मागते. शिवाय करारात राखीव किंमत, खरेदीदाराचा प्रीमियम, विक्रेत्याचे कमिशन असे शब्द आहेत. लाखाला विकली गेली तर हातात लाख येतील ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येणार नाहीत. शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो ती रक्कम ही दोन्ही बाजूंच्या हिशेबाची सुरुवात असते. समजा, हातोडा एक लाखावर पडला, खरेदीदाराचा प्रीमियम २० टक्के आणि आपले कमिशन १० टक्के ठरले आहे. तर खरेदीदार एक लाख वीस हजार आणि त्यावरील कर भरेल, आपल्याला नव्वद हजार मिळतील, आणि त्यातूनही कमिशनवरील कर, छायाचित्रण, विमा, वाहतूक असे करारात लिहिले असेल ते वजा होईल. मार्केट यार्डातील अडत कोणी द्यायची यावर आपल्याकडे एवढे रण माजले; येथे अडत दोन्हीकडून घेतली जाते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. कमिशनबाबत घासाघीस करता येते, ती अवश्य करा.

राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही, असे आपण व संस्था मिळून गुप्तपणे ठरवतो ती रक्कम. ती शक्यतो लिलावाच्या यादीत छापलेल्या किमतीच्या अंदाजातील खालच्या आकड्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी ठेवावी. हट्टाने वर ठेवली की बोलीच उठत नाही, वस्तू न विकता परत येते, आणि ती पडून राहिली होती हे संग्राहक पुढची काही वर्षे विसरत नाहीत. न विकल्यास आपल्याला काही द्यावे लागते काय, हे कलम सही करण्यापूर्वी वाचा.

नोंदणीची मागणी योग्य आहे. शंभर वर्षांहून जुनी धातूची, दगडाची वा लाकडाची शिल्पे वारसाने आलेली असली तरी वर उल्लेखलेल्या कायद्याखाली नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात आणि मालकी बदलली की तेही कळवावे लागते. जोडी देवळातून आलेली नाही, घरचीच आहे, हे दाखवणारा जुना वाटणीपत्राचा कागद किंवा लग्नातील एखादे छायाचित्र, ज्यात मागे या दीपलक्ष्मी दिसतात, असे काही असेल तर शोधा. नोंदणीलाही ते उपयोगी पडेल आणि बोलीलाही. विक्रीनंतर भांडवली नफ्यावरील कर विसरू नका : शिल्पे आणि चित्रे यांना घरगुती वापराच्या वस्तूंची सवलत मिळत नाही. वस्तू २००१ पूर्वीपासून घरात असेल तर १ एप्रिल २००१ रोजीचे तिचे वाजवी मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांकन करून घ्या.

प्रश्न : हस्तिदंती बुद्धिबळाचा संच आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, डबा एकत्र विकता येईल काय? — एक वाचिका, कुडाळ

उत्तर : एकत्र तर नाहीच. हस्तिदंताची विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण बंद आहे; संच कितीही जुना असो, तो घरात ठेवायलाही मालकीचा दाखला लागतो. तो आपल्याकडे आहे काय, ते वनखात्याच्या कागदांत पाहा आणि संचाची छायाचित्रे विक्रीच्या कोणत्याही ठिकाणी टाकू नका. गंजिफांना अशी अडचण नाही, देशात त्या विकता येतील. आधी पत्ते मोजा. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० भरायला हवेत; पाच-सात कमी असले तरी किंमत निम्म्यावर येऊ शकते. मोजून झाले की प्रत्येक अवताराच्या राजाचे छायाचित्र काढून पाठवा, आणि डबा फुटका असला तरी टाकू नका, चितारलेला असेल तर तोही विक्रीचाच भाग आहे.