विमानात फर्स्ट क्लासमध्ये खरंच शॉवर घेता येतो का? पाणी किती वेळ मिळतं?

हो, एमिरेट्सच्या एअरबस ए३८० मध्ये खरंच घेता येतो, पण पाणी मिळतं फक्त ५ मिनिटांचं. कारण सोपं आहे, सगळं पाणी जमिनीवरूनच टाकीत भरून न्यावं लागतं आणि त्याचं वजन १२-१३ तास हवेत वाहायचं असतं. १४ फर्स्ट क्लास सीट्सना वरच्या मजल्यावर पुढे दोन शॉवर आहेत, वेळ क्रूकडे आधीच बुक करायची. ५ मिनिटं कमी वाटतात पण पाणी मध्येच बंद करता येतं, म्हणजे अंग भिजवलं की बंद, साबण शॅम्पू निवांत लावा, मग परत चालू, अगदी व्यवस्थित आंघोळ होते! फक्त तिकीट काढताना विमान कोणतं ते नक्की बघा, त्यांच्याच बोइंग ७७७ मध्ये फर्स्ट क्लास असला तरी शॉवर नसतो.